‘मला जमेल’ ही खात्री मोजायची कशी? सेल्फ-एफिकसीची प्रश्नावली पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

एमडी, एमएस्सी नर्सिंग, एमएड किंवा पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) ‘सेल्फ-एफिकसी मोजणार’, म्हणजे एखादं काम आपल्याला जमेल ही खात्री मोजणार, असं एक वाक्य लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात. गाईडची सहीही होते. पुढे डेटा गोळा करायची वेळ आली की लक्षात येतं, इंग्रजी प्रश्नावली आपल्या लोकांना लागू पडत नाही आणि मराठीत हवी तशी मिळत नाही. हा लेख अशांसाठी आहे. उदाहरण टाइप २ मधुमेहाचं घेतलंय, कारण मी हे काम मराठवाड्यातल्या ओपीडीत येणाऱ्या मधुमेहींसाठी केलं. तुमचा विषय शिक्षक असोत, स्तनदा माता असोत की दहावीचे विद्यार्थी, कामाचा क्रम हाच राहतो.

आधीच सांगते: तुमचा सगळ्यात जास्त वेळ विधानं लिहिण्यात गेला पाहिजे. बहुतेकांचा तो आकडेमोडीत जातो. म्हणून या लेखातही विधानांवर जास्त लिहिलंय आणि स्टॅटिस्टिक्सवर कमी.

हाताशी काय काय हवं

- संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी. मुलाखती आणि पायलट, म्हणजे छोटी चाचणी फेरी, हेसुद्धा तिच्यानंतरच.
- मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठ्याची जागा आणि त्रयस्थ साक्षीदाराची सही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याबद्दल स्पष्ट लिहिलंय, ते वाचा.
- दुसऱ्याची प्रश्नावली वापरणार असाल तर मूळ लेखकाची परवानगी. ईमेलची प्रिंट फाइलला लावा.
- तज्ज्ञांसाठी छापील तक्ता: विधान, गुण, शेरा.
- मोठ्या देवनागरी आकड्यांचं उत्तरकार्ड, लॅमिनेट केलेलं. ओपीडीत साधा कागद दोन दिवस टिकत नाही.
- आकडेमोडीसाठी जामोव्ही किंवा आर हे सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत. एसपीएसएस नसलं म्हणून काही अडत नाही.
- एक वही. कुठलं विधान कधी आणि का बदललं, कोणाच्या सांगण्यावरून काढलं, हे तारखेसह लिहायला. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हीच वही वाचवते.

मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकला की अक्षरांचा चुराडा होतो.

१. नवी प्रश्नावली खरंच हवी का, ते तपासा

मधुमेहासाठी तयार प्रश्नावल्या आहेत. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली आठ प्रश्नांची आहे, नेदरलँड्समध्ये १९९९ च्या सुमारास तयार झालेली वीस विधानांची आहे. स्तनपानासाठी डेनिस यांची १९९९ ची ३३ विधानांची आणि २००३ ची १४ विधानांची आहे. शिक्षकांसाठी चानन-मोरान आणि वुलफोक हॉय यांची २००१ ची, २४ आणि १२ विधानांची. यातली एखादी चालत असेल तर भाषांतर करून तपासणं हे नवी बनवण्यापेक्षा कमी कष्टाचं आहे, आणि दुसऱ्या देशातल्या निकालांशी तुलनाही करता येते.

चालत नाही हे कधी म्हणायचं? तुमच्या लोकांचा दिवसच वेगळा असेल तेव्हा. स्टॅनफर्डच्या प्रश्नावलीत दर चार-पाच तासांनी जेवण, त्यात सकाळचा नाश्ता धरून, असा एक प्रश्न आहे. सकाळी चहा घेऊन रानात जाणाऱ्या, दुपारी भाकरी खाणाऱ्या आणि रात्री आठला पुन्हा जेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटतो. उलट चतुर्थीचा उपवास, पाहुणचाराचा साखर घातलेला चहा, ऊसतोडीला गेल्यावर गोळ्या कुठून आणायच्या, यातलं एकही त्या आठांत नाही. अशा वेळी नवी बनवायला आधार मिळतो.

एक सापळा इथेच आहे. श्वार्झर आणि जेरुसलेम यांची दहा विधानांची जनरल सेल्फ-एफिकसी स्केल सोपी, छोटी आणि सगळीकडे मिळणारी आहे, म्हणून लोक तीच उचलतात. पण ती ‘अडचणी आल्या तरी मी मार्ग काढतो’ अशा सर्वसाधारण खात्रीबद्दल आहे. इन्सुलिन टोचून घ्यायला जमेल का, याचं उत्तर ती देत नाही. ज्यांनी ही कल्पना १९७७ साली मांडली त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांचा आग्रहच असा होता की खात्री ही ठरावीक कामाबद्दल, ठरावीक परिस्थितीत विचारायची. प्रश्नावली कशी बनवावी यावर त्यांचं २००६ चं एक प्रकरण आहे. इतर कितीही वाचलंत तरी ते सोडू नका.

२. कामांची यादी काढा, आणि ती लोकांकडून काढा

‘मधुमेहाचं व्यवस्थापन’ हे एक काम नाही. आहार, व्यायाम, गोळ्या-इन्सुलिन, साखर तपासणं, पायांची निगा, साखर अचानक उतरल्यावर काय करायचं, ही वेगवेगळी कामं आहेत. एकाच माणसाला गोळ्यांची पूर्ण खात्री आणि आहाराची शून्य, असं सर्रास दिसतं.

यादीचा सांगाडा पुस्तकातून घ्या, मांस लोकांकडून. पेशंटांच्या मुलाखती घ्या, दोन-तीन गटचर्चा करा, त्यात बायकांची वेगळी करा. ‘काय करता?’ यापेक्षा ‘कुठं अडतं?’ हा प्रश्न जास्त देतो. आमच्याकडे आहारात सगळ्यात मोठी अडचण म्हणून मिठाईचं नाव फार थोड्यांनी घेतलं. चहाचं घेतलं. दिवसात चार घरी गेलं तर चार कप, आणि बिनसाखरेचा मागितला की ‘आमच्या घरचा गोड लागत नाही का?’ हे ऐकावं लागतं. असली गोष्ट डॉक्टरांच्या बैठकीत सुचत नाही.

नवीन अडचण निघायची थांबली की मुलाखती थांबवा.

३. विधानं लिहा

शेवटी वीस हवी असतील तर पहिल्या फेरीत चाळीस-पन्नास लिहा. निम्मी गळणारच आहेत.

पहिली चाळणी ही: तुमचं विधान खात्री मोजतंय की दुसरंच काहीतरी? चालण्यावरची ही चार विधानं बघा.

- ‘मी रोज अर्धा तास चालते.’ हे वर्तन झालं.
- ‘रोज चाललं की साखर आटोक्यात राहते.’ ही परिणामाबद्दलची समजूत.
- ‘उद्यापासून मी रोज चालणार आहे.’ हा इरादा.
- ‘कामावरून दमून आल्यावरही मला अर्धा तास चालायला जमेल.’ ही सेल्फ-एफिकसी.

मी पाहिलेल्या कित्येक थिसिसांत पहिल्या तीन जातींची विधानं चौथीच्या नावाखाली बसलेली आहेत. मग निष्कर्ष निघतो की ‘सेल्फ-एफिकसी आणि वर्तन यांचा घट्ट संबंध आढळला.’ आढळणारच, दोन्हीकडे वर्तनच विचारलंय!

दुसरी चाळणी: अडथळा आहे का? ‘मला गोड टाळायला जमेल’ एवढंच विचारलंत तर सगळे पैकीच्या पैकी देतात. काम तेच ठेवून परिस्थिती चढत्या क्रमाने अवघड करा. ‘जेवणात गोड टाळायला मला जमेल...’

- घरी एकटी जेवत असताना
- घरात बाकीच्यांसाठी गोड केलेलं असताना
- पाहुणी म्हणून गेल्यावर, यजमानांनी आग्रह केला तर
- लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन समोर उभा असताना
- दिवाळीच्या चार दिवसांत

खाली जाता जाता खात्री उतरत गेली पाहिजे. पाचही पायऱ्यांवर सगळ्यांचं उत्तर सारखंच आलं तर त्या पायऱ्या नाहीत, एकच विधान पाचदा लिहिलंय.

तिसरी चाळणी जरा नाजूक आहे. काही गोष्टी माणसाच्या हातात नसतात. ‘घरी साखर तपासायला जमेल’ याला एका पेशंटने नाही म्हटलं. तिला मशीन वापरता येत होतं, पट्ट्या परवडत नव्हत्या. दुसरीने ‘स्वतःसाठी वेगळी भाजी करायला’ नाही म्हटलं, कारण स्वयंपाक सासूबाईंच्या हाती. ही उत्तरं खरी आहेत, पण ती पैशांबद्दल आणि परवानगीबद्दल आहेत. दोन मार्ग आहेत. ‘पट्ट्या घरात असतील तर’ अशी अट विधानातच घाला, किंवा परवानगीचीच अडचण हा अडथळा मानून ‘घरच्यांना पटत नसतानाही’ असं विचारा. दोन्ही एकत्र करू नका.

भाषेबद्दल काही पक्के नियम:

‘मला जमेल’ ही रचना ठेवा. ‘मी करू शकतो/शकते’ लिहिलं की प्रत्येक ठिकाणी तिरकी रेघ येते आणि वाचून दाखवणारा अडखळतो. ‘जमेल’मध्ये तो प्रश्नच येत नाही.

एका विधानात एकच काम. ‘गोड आणि तेलकट’ एकत्र विचारलं की गोड सुटलेला पण भजी न सुटलेला माणूस काय उत्तर देणार?

नकारार्थी विधानं नकोत. ‘मला गोळ्या वेळेवर घ्यायला जमणार नाही’ याची किती खात्री आहे, शून्य की शंभर? पदवीधरही गोंधळतो. उलट्या विधानांनी लोक सावध राहतात असा एक समज आहे; इथे तो फायद्याचा नाही.

‘नियमित’, ‘योग्य’, ‘संतुलित’ हे शब्द दिसले की खोडा. ‘योग्य आहार’ म्हणजे काय, ते प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं.

४. उत्तराची पट्टी ठरवा

‘पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत’ ही पट्टी इथे चुकीची आहे. आपण मत विचारत नाही, खात्री किती ते विचारतोय. बांडुरांची पट्टी ० ते १०० अशी, दहा-दहाच्या टप्प्यांची: ० म्हणजे अजिबात जमणार नाही, ५० म्हणजे मध्यम खात्री, १०० म्हणजे पक्की खात्री. ० ते १० घेतली तरी चालते. तीन किंवा चारच पर्याय ठेवलेत तर फरक पकडला जात नाही. लोक टोकं टाळतात आणि मग मधल्या दोनच घरांत सगळे येऊन बसतात.

शाळा न शिकलेल्या माणसाला १०० पैकी किती, हे जमतं का? आम्हाला शंका होती. शेतकऱ्यांपुढे ती फिटली. पिकाची पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं हा सरकारी अंदाज, त्यांना तोंडपाठ असते. ५० च्या आत म्हणजे दुष्काळ, हे सांगावं लागत नाही. ‘रुपयातले किती पैसे खात्री?’ असं विचारलं की चाळीस, साठ अशी उत्तरं पटापट यायची. तुमच्या भागात दुसरं काही असेल, ते शोधा. पण एकदा ठरलेली वाक्यरचना सगळ्यांना तीच वापरा. कोणाला पैसे आणि कोणाला मार्क, असं नको.

खऱ्या प्रश्नांआधी सरावाचा प्रश्न हवाच. बांडुरांनी वजन उचलण्याचा दिलाय, तो इथेही उत्तम चालतो: पाच किलोची पिशवी, वीस लिटरचा पाण्याचा जार, पन्नास किलोचं पोतं, शंभर किलोचं पोतं, हे आत्ता उचलायला जमेल याची किती खात्री? सत्तरीच्या आजी चारही ठिकाणी शंभर म्हणाल्या तर त्यांना पट्टी कळलेली नाही. पुन्हा समजवा, मगच पुढे जा.

५. तज्ज्ञांना दाखवा

सहा ते दहा जण पुरेत: फिजिशियन, आहारतज्ज्ञ, मधुमेहाचं काम केलेली नर्स, मानसशास्त्राचा प्राध्यापक, मराठी नीट जाणणारं कोणीतरी. सगळे आपल्याच विभागातले घेऊ नका. शक्य असेल तर एक आशाताईही घ्या. आमच्या विधानांवरचे सगळ्यात उपयोगी शेरे एका आशाताईंचेच होते.

प्रत्येक विधान किती सुसंगत आहे याला १ ते ४ गुण द्यायला सांगा. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे त्या विधानाचा आशय-सप्रमाणता निर्देशांक, सीव्हीआय. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर ०.७८ किंवा वर हवा. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत हवं. सगळ्या विधानांची सरासरी ०.९० च्या आसपास असावी. लॉशेंची १९७५ ची सीव्हीआर पद्धत (किती तज्ज्ञ विधानाला ‘आवश्यक’ म्हणतात, यावरची) वापरलीत तर आठ तज्ज्ञांना ०.७५ आणि दहांना ०.६२ ही किमान मर्यादा आहे. दोन्हींचे आकडे मिसळू नका, परीक्षक इथे हमखास पकडतात.

आकड्यापेक्षा शेरा वाचा. सातांनी होकार दिला आणि आठव्याने ‘हे हातात नाही पेशंटच्या’ असं लिहिलं, तर बहुधा आठवा बरोबर असतो.

६. दहा-पंधरा लोकांना मोठ्याने विचार करायला लावा

कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात ते हेच. विधान वाचून दाखवा, उत्तर घ्या आणि मग विचारा: ‘तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं? साठच का म्हणालात, ऐंशी का नाही?’

एका मावशींना ‘पायांची काळजी घ्यायला जमेल’ याची शंभर टक्के खात्री होती. काय करता म्हटल्यावर म्हणाल्या, ‘रोज रात्री तेल लावते की!’ तळव्याला जखम आहे का हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. विधान बदलून ‘रोज झोपण्याआधी तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघायला’ असं केलं. ‘डोस’ म्हटलं की काहींना पोलिओ आठवला, ‘गोळी’ लिहिलं. ही पायरी वगळून थेट पायलट करण्याची पद्धत फार बोकाळली आहे. पायलटमध्ये त्या मावशींचं उत्तर नुसतंच १०० म्हणून नोंदलं गेलं असतं.

७. मुख्य डेटा

विधानामागे पाच ते दहा माणसं, असा ढोबळ नियम सांगतात. वीस विधानांना शंभर-दोनशे. दोनशेच्या खाली न गेलेलं बरं, तीनशे मिळाले तर उत्तम. सीएफए, म्हणजे आधी सापडलेली रचना नव्या डेटावर पडताळणं, करायचं असेल तर त्यासाठी वेगळी माणसं लागतात, हे सिनॉप्सिसमध्येच लिहा.

गोळा करताना:

- वर ‘सेल्फ-एफिकसी प्रश्नावली’ असं शीर्षक नको. ‘मधुमेहासोबतची रोजची कामं’ असं काहीतरी साधं द्या.
- डॉक्टरांच्या समोर नको. पांढरा कोट दिसला की खात्री वाढते.
- नातेवाइकांना बाहेर बसवा. ‘अहो, यांना नाही जमत’ असं मध्येच सांगणारा मुलगा किंवा नवरा दर ओपीडीत असतो.
- वाचून दाखवणारे दोघं-तिघं असतील तर त्यांना एकत्र बसवून तालीम घ्या. उत्तर सुचवलं जातंय का, ते ऐका.
- ‘आत्ता, आज’ किती खात्री आहे ते विचारा. पुढे शिकल्यावर किती असेल, ते नको.

८. आकडेमोड

हा भाग थोडक्यात, कारण यावर हवे तेवढे व्हिडिओ आहेत.

आधी प्रत्येक विधानाचं वाटप बघा. ज्यावर बहुतेकांनी ९० किंवा १०० दिलंय ते विधान काही सांगत नाही. त्यात अडथळा वाढवा किंवा काढून टाका. एकूण गुणांत पंधरा टक्क्यांहून जास्त लोक कमाल गुणांवर असतील तर प्रश्नावली सोपी झाली आहे. विधान आणि उरलेल्या एकूण गुणांचा सहसंबंध ०.३० च्या खाली असेल तर विधान संशयित समजा.

मग घटक विश्लेषण, ईएफए: कुठली विधानं एकत्र जाऊन एक घटक बनवतात, ते शोधणं. डेटा त्याला योग्य आहे का ते सांगणाऱ्या केएमओ आणि बार्टलेट या चाचण्या बघून पुढे जा. इथे एसपीएसएसची डिफॉल्ट सेटिंग्ज दोन ठिकाणी घात करतात आणि तिसऱ्या ठिकाणी आपली सवय. डिफॉल्ट पद्धत प्रिन्सिपल कंपोनंट्सची असते, ते खरं फॅक्टर अॅनालिसिस नव्हे. घटकांची संख्या आयगन व्हॅल्यू (घटक किती फरक पकडतो, तो आकडा) १ च्या वर आहे का यावरून ठरते, त्यामुळे घटक जास्त निघतात. त्याऐवजी पॅरलल अॅनालिसिस (यादृच्छिक डेटाशी तुलना) करा, जामोव्हीत ते एका क्लिकवर आहे. आणि रोटेशन मागितलं की बहुतेक जण व्हॅरिमॅक्स निवडतात, ते घटकांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरतं. आहाराची खात्री आणि व्यायामाची खात्री एकमेकींशी निगडित असणारच, तेव्हा ऑब्लिमिन किंवा प्रोमॅक्स घ्या.

सीएफएसाठी हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या मर्यादा (रचना डेटाला किती जुळते ते सांगणाऱ्या निर्देशांकांच्या) सगळे देतात: सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली, एसआरएमआर ०.०८ च्या खाली. ज्या डेटावर ईएफए केलं त्याच डेटावर सीएफए करून ‘रचना सिद्ध झाली’ म्हणू नका.

विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रॉनबॅक अल्फा प्रत्येक घटकाचा वेगळा द्या, सोबत त्याच कामाचा ओमेगाही द्या. ०.७० च्या वर चांगला, पण ०.९५ च्या वर गेला तर पेढे वाटू नका. तीच गोष्ट शब्द फिरवून पुन्हा पुन्हा विचारलीत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच माणसांना पुन्हा विचारणं, साधारण दोन आठवड्यांनी, आणि आकडा आयसीसीचा (इंट्राक्लास कोरिलेशनचा) द्या. नुसता पिअरसनचा सहसंबंध पुरत नाही. मध्ये त्या पेशंटांचं समुपदेशन होणार नाही असं बघा. ओपीडीची पुढची तारीख महिन्याने असते, म्हणून लोक दुसरी फेरी फोनवर घेतात. मग पद्धत बदलली म्हणून उत्तर बदललं की खात्री बदलली, ते कळत नाही. घरी जाऊन तेच कार्ड दाखवून घ्या.

९. प्रश्नावली जे मोजते म्हणते तेच मोजते का

अल्फा चांगला आला म्हणजे सप्रमाणता आली, हा सगळ्यात चिवट गैरसमज. अल्फा फक्त एवढंच सांगतो की विधानं एकमेकांशी जुळतात.

डेटा बघण्याआधी अपेक्षा लिहून ठेवा. जनरल सेल्फ-एफिकसीशी मध्यम संबंध असावा, तो ०.९ आला तर तुम्ही नवीन काही मोजलेलं नाही. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान स्केलशी त्याहून कमी असावा. स्वतःची निगा किती राखतात, याच्याशी बऱ्यापैकी असावा. एचबीए१सीशी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेशी) संबंध असेल, पण बेताचा. औषध, आजाराची वर्षं, मूत्रपिंड, सगळंच त्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे तो कमी आला म्हणून घाबरू नका. वर्षानुवर्षं स्वतः इन्सुलिन घेणारे आणि कालच सुरू केलेले, यांच्यात त्या घटकावर स्पष्ट फरक दिसला पाहिजे.

प्रशिक्षणाआधी आणि नंतर मोजणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा: पहिल्या सत्रानंतर गुण कधीकधी घसरतात. काम किती अवघड आहे ते माणसाला तेव्हाच कळलेलं असतं. म्हणून लगेच एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

१०. दुसऱ्याला वापरता येईल असं लिहून ठेवा

दोन-तीन पानांची पुस्तिका पुरते. त्यात विधानांचा अंतिम क्रम, सरावाचा प्रश्न, वाचून दाखवायच्या सूचना शब्दशः, आणि गुण कसे काढायचे ते. घटकागणिक सरासरी काढा. ‘लागू नाही’ला शून्य धरू नका, इन्सुलिन न घेणाऱ्याची इन्सुलिनची खात्री शून्य नसते, ती विचारलेलीच नसते. किती उत्तरं कोरी असली तर तो घटक बाद, तेही ठरवून टाका. ‘७० च्या वर चांगली’ अशी मर्यादा मनाने छापू नका. लोक ती वर्षानुवर्षं उचलत राहतात.

प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख घाला. विदर्भातला किंवा कोकणातला कोणी मागायला आला तर द्या, पण पायरी ६ त्याच्या भागात पुन्हा करायला सांगा आणि बदललेली विधानं तुम्हाला परत पाठवायला सांगा.